पेवाचे अस्तर

आमच्या घरात पांढऱ्या पुडीची बाटली म्हटली की ती एक तर दंतमंजनाची, नाहीतर खाण्याच्या सोड्याची. त्यामुळे २०२५ च्या दिवाळीला माझी नात पुण्याहून मंद्रूपला आली आणि तिच्या पिशवीतून कपड्यांच्या आधी एक बोटभर उंचीची बाटली निघाली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी ती उचलून उजेडाकडे धरली आणि विचारले, "पित्तावरची का गं?"

"नाही गं आजी," नात म्हणाली, "माझी दोन वर्षं आहेत ती."

हे ती हसत म्हणाली. पण ते हसणे काही मला बरे वाटले नाही. पोर पुण्याच्या एका प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचे संशोधन करते. पंधराच दिवसांपूर्वी, ८ ऑक्टोबरला, रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले होते, आणि ते नेमके ती ज्या पदार्थांवर काम करते त्यांच्याबद्दल होते. ऑस्ट्रेलियातले रिचर्ड रॉबसन, जपानचे सुसुमु कितागावा आणि अमेरिकेतले ओमर याघी या तिघांना ते मिळाले. आम्ही तर तिलाच मिळाल्यासारखे फोनवर अभिनंदन करून मोकळे झालो होतो. आणि आता ही पोर बाटली फडताळात ठेवताना पुटपुटते, "सोडूनच द्यावं म्हणते."

मंद्रूप हे आमचे मूळ गाव. सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याने निघाले की लागते. पुढे गेले की भीमा, आणि भीमेपलीकडे कानडी मुलूख. शेजारामुळे आमच्या बोलण्यात कानडी शब्द मीठमिरचीसारखे मिसळलेले. आजीला आम्ही अव्वा म्हणत असू. वाड्यात आता पुतण्याचे कुटुंब राहते, आम्ही सणावारी जातो. त्या संध्याकाळी परसातल्या कट्ट्यावर बसून मी नातीला म्हटले, "तुझी ती दोन वर्षं मला समजावून सांग. नोकरीत जन्म हिशेब लिहिण्यात गेला, तेव्हा बेताबेतानं सांग."

तिने बेताबेतानेच सांगितले. टेरिलीनचा शर्ट ज्या आम्लापासून बनतो, त्या आम्लाचे रेणू म्हणजे लहानशा काठ्या समजायच्या. जस्ताचे अणू म्हणजे त्या काठ्या बांधायच्या गाठी. दोन्ही योग्य द्रावणात एकत्र तापवले की काठ्या आणि गाठी आपोआप जुळतात आणि मांडव उभा राहतो. उभा, आडवा, वर, खाली, अगणित दालनांचा. मधली सगळी जागा रिकामी. याघींनी १९९९ साली असा मांडव केला, त्याला नाव दिले एमओएफ-५. त्याच्या दोन-चार ग्रॅम पुडीत आतल्या भिंतींचे क्षेत्रफळ फुटबॉलच्या मैदानाएवढे भरते. या साऱ्या जातीला धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या जाळ्या म्हणायचे. प्रयोगशाळेतली मुले नुसते 'मॉफ' म्हणतात.

"आणि हे सुचलं कसं माणसाला?"

"लाकडी गोळ्यांवरून." १९७४ साली मेलबर्नच्या विद्यापीठात रॉबसन मुलांना शिकवण्यासाठी रेणूंच्या प्रतिकृती करून घेत होते. काठ्या बसवायला गोळ्यांत भोके पाडायची, तर कोणत्या अणूला किती आणि कुठल्या कोनात, हे त्यांनी कारागिरांना आखून दिले. गोळे तयार होऊन आले, आणि त्यांच्या लक्षात आले की भोके बरोबर जागी असली म्हणजे रचना चुकतच नाही. ती भोकांतच लिहून ठेवलेली आहे. मग हाच खेळ खऱ्या अणूंशी खेळावा असे त्यांच्या मनाने घेतले. तांब्याचे अणू घेऊन हिऱ्यासारखी, पण आतून पोकळ अशी रचना त्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केली. पंधरा वर्षे हा गृहस्थ एक कल्पना मनात बाळगून होता. आमच्या कचेरीत पंधरा वर्षे पडून राहिलेली फाईल कुणी पुन्हा उघडल्याचे मी पाहिले नाही.

इतके ऐकल्यावर माझ्या तोंडून निघून गेले, "म्हणजे पेवच की गं!"

तिला पेव ठाऊक नव्हते. 'क्लासेसचं पेव फुटलंय' असे ती म्हणते. पण जे फुटते ते काय, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. ज्या कट्ट्यावर ती बसली होती, त्याच्या चार हातांवर, तुळशीमागे, जमिनीबरोबर एक गोल फरशी आहे. मी तिकडे बोट दाखवले.

आमच्याकडची जमीन काळी, ज्वारीची. पण पेव काळीत खणत नाहीत. तिथे ओल धरते. ते खणायचे गावठाणातल्या पांढरीत, खाली घट्ट मुरूम असेल तिथे. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढे, आत रांजणासारखे पोट. आमचे दहा हात खोल आहे. रब्बीची ज्वारी मळून झाली की चैत्र-वैशाखात ते भरायचे आणि नवरात्र-दिवाळीच्या सुमारास, किंवा अडीअडचणीला, उघडायचे. पण नुसता खड्डा खणला म्हणजे पेव झाले असे मात्र नव्हे, आणि इथेच माझी अव्वा मोठी कारागीर होती. नव्या पेवात ती आधी जाळ करायला लावी. ओल जावी, भिंती शेकून निघाव्यात म्हणून. जाळ फार झाला तर भिंतींचे पापुद्रे सुटतात, कमी झाला तर ओल राहते. मग शेणमातीचा हात. मग तळाला आणि भिंतींना कडब्याचे जाड अस्तर. मग ज्वारी. वर भुसा, राख, त्यावर फरशी, आणि फरशीच्या कडा मातीने लिंपून बंद. "खड्डा कुणीबी खणतंय," अव्वा म्हणायची, "अस्तर लावणारा पायजे."

नातीने पाय पोटाशी घेतले आणि हनुवटी गुडघ्यावर टेकली. "आबा, पुन्हा सांगा. जाळ का करायचा?"

मी पुन्हा सांगितले, आणि त्यानंतर तासभर तीच बोलत होती.

मॉफचेही असेच असते म्हणे. ताजे स्फटिक तयार होतात तेव्हा त्यांची दालने रिकामी नसतात. ज्या द्रावणात ते घडले, त्यानेच भरलेली असतात. ते बेताने बाहेर काढावे लागते. घाई केली की मांडव आत कोसळतो. कितागावांनी १९९७ साली अशी एक जाळी सुकवून दाखवली, आणि ती न ढासळता वायू आत घेते व परत सोडते हे सिद्ध केले. तोपर्यंत पुष्कळांना हे सारे शोभेचे काम वाटत होते. पण शेकून कोरडे केलेले पेव अजून कच्चेच असते. एमओएफ-५ चा मोठा दोष म्हणजे त्याला दमट हवा सोसत नाही. हवेतले पाणी जस्ताच्या गाठी सोडवते आणि फुटबॉलच्या मैदानाची बघता बघता माती होते.

स्वयंपाकघराच्या दारात सौभाग्यवती झारा घेऊन उभ्या होत्या. "अनारसा हसतो तसं," त्या म्हणाल्या.

नात टाळी देऊन हसली, या खेपेला मनापासून. ज्यांच्या घरी अनारसे विकत येतात त्यांच्यासाठी सांगतो: पीठ बिघडले असले की तुपात सोडल्याबरोबर अनारसा विरघळून पसरतो, त्याला हसणे म्हणतात. जाळी तर पडायला हवी, पण अनारसा हसायला नको. ही अडचण कॅलिफोर्नियापासून मंद्रूपपर्यंत एकच आहे हे ऐकून आमच्या घरात बाटलीचा मान एकदम वाढला.

तेव्हा आता या विषयातली खरी मेहनत नव्या जाळ्या खणण्यात राहिलेली नाही. जाळ्यांचे तर पेवच फुटले आहे. लाखाच्या घरात प्रकार नोंदले गेले आहेत. कष्ट आहेत ते अस्तराचे. त्याच्या तऱ्हा नातीने सांगितल्या. एक म्हणजे गाठीच बदलायच्या. जस्ताऐवजी झिर्कोनियमच्या गाठी घातल्या की जाळी पाण्यालाही दाद देत नाही. नॉर्वेतल्या ऑस्लो विद्यापीठाने २००८ साली अशी जाळी केली. दुसरी तऱ्हा म्हणजे मांडव उभा राहिल्यावर आतल्या भिंतींना हवे ते रेणू टांगायचे. अमोनियाच्या गोतातले 'अमाइन' टांगले, तर कार्बन डाय-ऑक्साइड त्यांनाच येऊन चिकटतो, बाकीची हवा निघून जाते. तिसरी मला फार आवडली. काही काठ्या एका जातीच्या आणि काही दुसऱ्या जातीच्या मिसळायच्या, म्हणजे पकड हवी तेवढीच बसते. फार सैल असून चालत नाही आणि फार घट्टही असून चालत नाही, कारण पकडलेले सोडवायलाही लागते, आणि सोडवायला उष्णता लागते, म्हणजे पैसा लागतो.

पुण्याचा या कामाशी जुना संबंध आहे. याघींच्या हाताखाली काम केलेले राहुल बॅनर्जी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले, आणि आता कोलकात्याच्या आयसर संस्थेत आहेत. २००८ साली याघींबरोबर प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखातली एक जाळी अशी होती की तिचा एक लिटर ८३ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड पोटात घेई. कितागावांकडे क्योटोला राहून आलेले सुजित घोष पुण्याच्या आयसरमध्ये पाण्यातली विषारी द्रव्ये धरणाऱ्या जाळ्यांवर काम करतात. आम्ही पुण्याला जातो ते लक्ष्मी रोडवर साड्या घ्यायला. पाषाणला असले काही चालते हे कोणाला ठाऊक?

"ते सगळं राहू दे," सौभाग्यवती म्हणाल्या, "यातून पाणी निघतं का ते सांग."

प्रश्न सोलापूरकरणीला शोभेसाच होता. कित्येक वर्षे नळाच्या वेळेवर दिवस बेतणाऱ्या बाईला रसायनशास्त्रातले दुसरे काय विचारायचे असणार? नवल असे की उत्तर होय निघाले. याघींचे बालपण जॉर्डनमधल्या अम्मान शहरात, निर्वासितांच्या घरात गेले. तिथेही पाणी आठवड्या-दोन आठवड्यांतून काही तास येई आणि भांडी भरून ठेवायचे काम पोरांचे असे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या गाठींची एक जाळी केली आहे. ती रात्रीच्या हवेतली वाफ धरते आणि दिवसाच्या उन्हाने सोडते. अमेरिकेतल्या 'डेथ व्हॅली' नावाच्या भयंकर वाळवंटात तिची चाचणी झाली; वीज नाही, नुसते ऊन. किलोभर पुडीमागे दिवसाला २८५ ग्रॅमपर्यंत पाणी मिळाले.

सौभाग्यवतींनी मनात हिशेब केला. त्यांचा तोंडचा हिशेब माझ्या लेखी हिशेबापेक्षा पक्का असतो. "म्हणजे बारा लिटरच्या घागरीला चाळीस किलो पूड. आणि तिची किंमत?" नात गप्प राहिली. "मग अजून टँकरच बरा," असे म्हणून त्या अनारशांकडे वळल्या.

माझ्या मते त्यांचे चुकले नाही. पण पुडीचा खरा बाजार पाण्यात नसून धुरात आहे, असे नात म्हणते. आमच्याच तालुक्यात, आहेरवाडी-फताटेवाडीला, १३२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. अशा केंद्रात कोळसा जळतो, तेव्हा धुरात बारा-पंधरा टक्के कार्बन डाय-ऑक्साइड असतो आणि भरपूर वाफही असते. वाफ आली की बहुतेक जाळ्या कार्बन सोडून पाणीच धरत बसतात. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात एक जाळी निघाली, जस्ताच्याच गाठींची, पण काठ्या वेगळ्या. २०२१ साली तिची हकिकत प्रसिद्ध झाली. ती पाण्याला फारशी भुलत नाही, स्वस्त मालापासून होते, आणि सिमेंटच्या कारखान्याच्या धुरावर टिकून राहिली. २०२३ साली एका जर्मन कंपनीने ती वर्षाला शेकडो टन करण्याची तयारी झाल्याचे जाहीर केले. ग्रॅमाची पूड टनावर गेली ती अशी.

आणि नातीची पूड? कोरड्या वायूत ती उत्तम काम करी. दमट वायू सोडला की तिची पकड निम्म्यावर येई. दोन वर्षांत तिने टांगायचे रेणू सात वेळा बदलले होते. एकदा पकड टिकली, पण पुडीच्या वड्या पाडताच भोके बुजली. पूड वड्यांशिवाय वापरता येत नाही, नुसती ठेवली तर धुराबरोबर उडून जाईल. "बरोबरीच्या मुली नोकरीला लागल्या, आबा. मी भोकांना अस्तर लावते आहे."

मी तिला उपदेश केला नाही. माझे लक्ष एकाच शब्दाला अडकले होते. कार्बन डाय-ऑक्साइड. मी विचारले, "हा वायू जड असतो, नाही? खाली बसतो?"

"हवेच्या दीडपट जड. का?"

ही गोष्ट मी चौसष्ट वर्षांत कोणाला सांगितलेली नाही. सौभाग्यवतींनाही नाही.

बंद पेवात ज्वारी श्वास घेते. दाणा जिवंत असतो. तो आतला प्राणवायू वापरतो आणि हा दुसरा वायू सोडतो. त्यानेच किडे मरतात, म्हणून धान्य टिकते. ओल शिरली तर श्वास वाढतो आणि वायूही वाढतो. म्हणून पेव उघडल्यावर फरशी काढून ते दिवसभर तसेच ठेवायचे, मग दोरीला बांधून कंदील आत सोडायचा. ज्योत विझली तर उतरायचे नाही. हे मंद्रूपच्या शेंबड्या पोरालाही माहीत होते.

१९६१ ची दिवाळी. मी नऊ वर्षांचा. नवरात्रात एकदा पेव उघडून चार पोती काढली होती, पुन्हा बंद केले होते, आणि मध्ये पाऊस होऊन गेला होता. धनत्रयोदशीच्या पहाटे अव्वाने मला सांगितले, "गड्याला सांग, फरशी आत्ताच काढून ठेव म्हणावं." मी निघालो, आणि वाटेत पोरांबरोबर टिकल्या फोडीत बसलो. गड्याला पुढे आपसूक आठवण झाली, तोवर ऊन माथ्यावर आले होते. फरशी काढून तो पाट्या आणायला गेला, एवढ्यात धाकटे आप्पा शेतातून आले. माझे चुलते. सव्वीस वर्षांचे. पेवाशी मी एकटा उभा होतो.

"फरशी कवा काढली रं?"

"पहाटंच," मी म्हणालो.

मार बसेल म्हणून म्हणालो. पहाटेच काढलेली म्हटल्यावर आप्पांनी कंदील मागवला नाही. दोर खांबाला बांधून ते उतरले. मी वरून बघत होतो. ते तळाच्या ज्वारीवर उभे राहिले, वर बघून काहीतरी बोलू लागले, आणि बसले. मला वाटले, बसले. गडी ओरडला तेव्हा मला कळले. त्यांना वर काढायलाच अर्धा तास गेला, कारण जो उतरे तो गुदमरून अर्ध्यातूनच परत येई.

गावाने दोष पावसाला दिला. मला कोणी विचारलेच नाही. धाकटी काकू, लग्नाला दोन वर्षे झालेली, आमच्याच घरात राहिली. माझा अभ्यास तिने घेतला, माझ्या मुंजीचे लाडू तिने वळले. २००३ साली ती गेली, तोपर्यंत दर दिवाळीला अनारसे तिचेच असत. सौभाग्यवती तिच्याकडूनच शिकल्या. पेव मात्र पुन्हा कधी भरले नाही.

एवढे सांगून मी थांबलो. आता ती 'आबा, तुम्ही लहान होतात' म्हणणार, याची मला धास्ती होती. ती तसे काही म्हणाली नाही. बराच वेळ फरशीकडे बघत राहिली. मग विचारले, "दहा हात खोल. आणि पोट?"

"चार हात रुंद असेल."

तिने आतून वही आणली. आतली हवा अंदाजे पाच हजार लिटर, तिच्यात सातवा हिस्सा हा वायू धरू, म्हणजे सातशे लिटर, वजनाने सव्वा-दीड किलो. चांगली जाळी आपल्या वजनाच्या दहावा हिस्सा वायू धरते. "बारा ते पंधरा किलो पूड," ती म्हणाली. "जाळीच्या पिशवीत घालून दोरीनं सोडायची. पण आत ओल आहे. ओल सोसणारी हवी. माझी चालली नसती." पेन्सिल क्षणभर थांबली. "आणि चालली असती तरी आबा, ती वायू नुसता काढून घेणार. दाण्यांनी संपवलेला प्राणवायू ती परत आणत नाही. फरशी उघडी ठेवावीच लागली असती."

"होय," मी म्हणालो.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री वह्यांबरोबर सौभाग्यवतींनी ती बाटलीही पाटावर मांडली आणि तिला हळदकुंकू लावले. रात्री नात म्हणाली, "आबा, मला अस्तर बघायचंय. भिंतीला अजून असेल का?" पाडव्याच्या सकाळी पुतण्याने आणि त्याच्या मुलाने पहारीने फरशी सरकवली. साठ-एक वर्षांची हवा वर आली. कुबट, कडब्याच्या वासाची. त्या दिवशी आम्ही कोणालाही जवळ फिरकू दिले नाही. मी खुर्ची टाकून तिथेच बसून राहिलो, जेवणही तिथेच आणवले.

भाऊबीजेला नातीने कंदील मागितला. वाड्यात कंदील उरला नव्हता, शेजारून आणला. दोर मी धरला. तिने काच पुसून वात मोठी केली, आणि आम्ही तो हात-हात खाली सोडू लागलो. चार हात, सहा हात, आठ. भिंतीला काळपट पिवळ्या कडब्याचे पट्टे दिसत होते, काही जागी सुटलेले, पण पुष्कळसे जागच्या जागी. तळाला कंदील टेकला तेव्हा दोर सैल पडला. ज्योत जळत होती.

नात पालथी पडून आत बघत होती. "आबा," तिने विचारले, "अव्वा आधी शेणमातीचा हात देत, आणि तो वाळल्यावर कडबा, की ओलाच असताना?"

"ओलाच असताना," मी म्हणालो. "वाळल्यावर धरत नाही तो."

तिने तशीच पालथी पडून वही ओढून घेतली.